कुरडईच्या चिकात दारू असते का? बिबडे, मोह आणि आंबवलेल्याचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा. पारोळा तालुक्यातला एक महिला बचत गट दर उन्हाळ्यात कुरडया आणि ज्वारीचे बिबडे (आंबवलेल्या ज्वारीचे पापड) करून विकतो. एका गिऱ्हाइकाच्या घरी दारू सोडवण्याची गोळी चालू आहे. त्या बाईंनी विचारलं, "गहू तीन दिवस आंबवता, वासही तसाच येतो, मग यात दारू होतच असेल ना?" गटातल्या एकीचं म्हणणं, आंबवलेलं पोटाला चांगलं असं पेपरात येतं, तर पाकिटावर 'प्रोबायोटिक' छापू या. तिसरीकडे सातपुड्याच्या पाहुण्यांकडून आलेली गोष्ट, की मोहाची दारू औषधी असते. हे तिन्ही प्रश्न एकाच धाग्यातले आहेत, म्हणून गटाला उत्तरही एकत्रच देतो.

आधी गिऱ्हाइकाचं, कारण घाई तिथे आहे. नीट वाळलेल्या कुरडईत किंवा बिबड्यात मोजण्यासारखी दारू उरत नाही. पण "शिजवलं की उडून जाते" एवढ्यावर हे उत्तर उभं नाही, आणि नुसत्या शिजवण्याने सगळी उडतही नाही. अमेरिकेत 1992 साली स्वयंपाकातल्या मद्यावर मोजणी झाली. पदार्थात मिसळून पंधरा मिनिटं शिजवलं तर सुमारे 40 टक्के दारू मागे राहिली, अर्ध्या तासाने 35 टक्के आणि अडीच तासांनी 5 टक्के. म्हणजे चीक (भिजल्या गव्हातून पिळून काढलेला स्टार्च) पंधरा मिनिटं हाटला तर निम्म्याच्या आसपास दारू राहू शकते. पण मुळात होती किती, हे आधी बघायला हवं.

हिशोब करू. यीस्ट साखर खातं आणि वजनाने साधारण निम्मी दारू, निम्मा कर्बवायू काढतं. 180 ग्रॅम ग्लुकोजमधून 92 ग्रॅम इथेनॉल आणि 88 ग्रॅम वायू, यापेक्षा जास्त कोणी काढू शकत नाही. यीस्टला साखर लागते, स्टार्च त्याला खाता येत नाही. एक किलो गव्हात मोकळी साखर दोन-तीन टक्के, म्हणजे 20 ते 30 ग्रॅम. ती सगळीच्या सगळी यीस्टच्या हाती लागली तरी 10 ते 15 ग्रॅम दारू होईल, आणि तशी ती लागत नाही. भिजवणीच्या पाण्यात पहिला हात लॅक्टिक जंतूंचा असतो. ते साखरेचं आम्ल करतात. त्यातली एक जात, ल्युकोनॉस्टॉक, आम्लाबरोबर वायू आणि थोडी दारूही करते. इडलीचं पीठ फुगतं ते मुख्यत्वे या जंतूमुळे, यीस्टमुळे नाही, हे स्टाइनक्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 मध्ये दाखवलं. स्टाइनक्रॉस अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात होते आणि आशिया-आफ्रिकेतल्या घरगुती आंबवणीवर त्यांनी हयातभर काम केलं. त्या कामाचा आपल्या उपयोगाचा भाग एवढाच की 'आंबलं म्हणजे यीस्ट, यीस्ट म्हणजे दारू' हे समीकरण चुकीचं आहे.

मग तुम्ही काय करता? रोज पाणी बदलता. त्या पाण्याबरोबर साखर, आम्ल आणि जी काही दारू झाली असेल ती मोरीत जाते. चौथ्या दिवशी गहू वाटून, पिळून, गाळून चीक रात्रभर ठेवता आणि सकाळी वरचं पिवळट पाणी ओतून देता. दारू पाण्यात विरघळते, स्टार्च तळाशी बसतो, त्यामुळे उरलीसुरली इथेही जाते. मग हाटणं आणि त्यानंतर जळगाव-धुळ्याच्या एप्रिलचं दोन दिवसांचं ऊन. शेवयांएवढ्या बारीक तारेत इतक्या उन्हात दारू टिकणं शक्य नाही. उलट, जर्मनीत 2016 साली बाजारातले पदार्थ तपासले तेव्हा पाकिटबंद बर्गर-पावांत 100 ग्रॅमला 1.2 ग्रॅमहून जास्त दारू निघाली आणि फार पिकलेल्या केळ्यात 100 ग्रॅमला 0.04 ग्रॅम. दारूच्या नावाने संशय घ्यायचाच तर कुरडईआधी पावाचा घ्यावा.

त्या घरी एक गोष्ट मात्र नक्की सांगा. दारू सोडवण्यासाठी दिली जाणारी गोळी बहुधा डायसल्फिराम असते. यकृतात दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि मग त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट. ही गोळी दुसरी पायरी अडवते. विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड साठतं, तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब पडतो. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. या माणसाला भीती कुरडईची नाही, आयुर्वेदिक आसव-अरिष्टांची आहे, आणि ती औषधं म्हणून निर्धास्त घेतली जातात. द्राक्षासव, अशोकारिष्ट, अर्जुनारिष्ट यांत दारू बाहेरून घातलेली नसते. धायटीच्या फुलांबरोबर आलेल्या यीस्टने ती आतच तयार होते, पण असते पाच ते दहा टक्क्यांच्या घरात. 8 टक्के धरून 20 मिलीचा एक डोस मोजा: 20 गुणिले 0.08 गुणिले 0.789 (दारूची घनता), म्हणजे सव्वा ग्रॅम. एरवी ही मात्रा किरकोळ आहे, पण या गोळीवर असलेल्याला तेवढीही नको. काही खोकल्याची औषधं आणि तोंड धुण्याची द्रावणं यांचंही तेच. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला सांगा.

आता तुमच्या कामाचं. 'दारूसारखा वास' येतो म्हणता, तर ही खूण हलक्यात घेऊ नका. खायला धोका आहे म्हणून नाही, माल बिघडतो म्हणून.

वासावरून बरंच कळतं. दह्यासारखा स्वच्छ आंबट वास आला तर लॅक्टिक जंतू जोरात आहेत, सगळं ठीक. गोडसर, ताडीसारखा आला तर यीस्टने हात मारलाय. बहुतेक वेळा पाणी बदलायला उशीर झालेला असतो किंवा भांडं आधी गुळाचं, फळांचं होतं आणि नीट घासलेलं नव्हतं. नेलपॉलिशसारखा झणझणीत वास म्हणजे दारू आणि आम्ल मिळून एस्टर तयार झालंय; दोन पाणी बदलून, धुऊन घेतलं तर गहू वाचतो. कुबट लोण्यासारखा किंवा ओकारीसारखा वास म्हणजे ब्युटिरिक आम्ल. तळाला गहू दाबून बसला, पाणी कमी पडलं आणि भांडं गरम जागी राहिलं की हे होतं. तो घाण वास हाटूनही जात नाही, तळल्यावर तर जास्तच उठतो. तो गहू टाकून द्या, जनावरांनाही घालू नका. पाण्यावर गुलाबी, काळा किंवा हिरवा तवंग दिसला तरी तेच.

हे टाळायचं तर पाणी गव्हाच्या तिप्पट ठेवा आणि गहू रोज खालून वर हलवा. भांडं घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा, पत्र्याच्या शेडखाली नको. भुसावळ-जळगावकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42-44 वर जातो. तेव्हा पाणी दिवसातून दोनदा बदलावं लागतं आणि तीन दिवसांचं काम बऱ्याचदा दोन दिवसांत होतं. दिवस मोजू नका, दाणा बघा. चिमटीत दाबला की पांढरं दूध सरळ बाहेर आलं आणि हातात नुसतं साल राहिलं की झालं. दूध पाणचट आणि दाणा आत कडक असेल तर अजून वेळ आहे. या दिवसांत गव्हातली आणि जंतूंची विकरं (एन्झाइम) प्रथिनाचं जाळं सैल करतात, म्हणून स्टार्च सुटतो. जाळं नीट सैल झालं नसेल तर चीक कमी निघतो आणि वजनात सरळ तोटा होतो.

उलट चूकही होते. काही जणी दुसऱ्या दिवशी पाणी काढून गहू फडक्यात बांधून ठेवतात. हवा लागली की त्याला मोड येतात. मोड आले की अमायलेज हे विकर जागं होतं आणि स्टार्चची साखर करायला लागतं. मग चीक चिकट होतो, तारा तुटतात, कुरडया तळल्यावर लालसर होतात आणि यीस्टला आयती साखर मिळते. धान्यापासून बिअर करणारे मुद्दाम मोड आणतात ते याचसाठी. तुम्हाला तेच टाळायचंय, म्हणून गहू कायम पाण्याखाली बुडालेला हवा.

ज्वारीच्या बाबतीत तर हे आणखी महत्त्वाचं आहे. ज्वारीच्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं ते यामुळेच, आणि खानदेशातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. कोरड्या दाण्यात हे नगण्य असतं, मोडात भरपूर. बिबड्यासाठी ज्वारी आधी ओलसर करून कांडून साल काढता, त्यात कोंबाचा डोळाही बराचसा निघून जातो, आणि पद्धतीचा हा भाग फार शहाणपणाचा आहे. तरी भिजवलेल्या ज्वारीला मोड आलेले दिसले तर ती बिबड्याला वापरू नका.

शंभर रुपयांच्या आसपासच्या खर्चात एक चांगली सवय लावता येईल: पीएच कागद, म्हणजे पाणी किती आंबट झालं ते दाखवणारा कागद. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. पहिल्या दिवशी भिजवणीचं पाणी 6 ते 6.5 दाखवेल. पाणी बदलण्याआधी रोज बघा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते 4.5 च्या खाली आलं पाहिजे. एवढ्या आंबटपणात बहुतेक घातक जंतू वाढत नाहीत. तिसऱ्या दिवशीही 5.5 वर अडकलं असेल तर आंबणं नीट झालेलं नाही, सडणं चालू आहे. पुढच्या खेपेला आधीच्या चांगल्या आंबवणीचं वाटीभर पाणी पहिल्या दिवशी घाला. विरजण लावण्यासारखंच आहे ते.

चीक हाटताना घट्ट बसलेला चीक आणि पाणी साधारण वाटीला वाटी. मीठ पाण्यात आधीच घाला. पाणी खळखळून उकळलं की आच कमी करून बारीक धारेने चीक ओता. गव्हाचा स्टार्च साठ अंशांच्या आसपास फुलायला लागतो, म्हणून गुठळ्या पहिल्याच मिनिटात होतात आणि नंतर मोडत नाहीत. पांढरेपणा जाऊन चकाकी आली, लाकडी दांड्याला गोळा चिकटेना झाला की झाकण ठेवून दहा मिनिटं वाफ द्या. सोऱ्यातून निघालेली तार वाळताना भेगाळली तर बहुतेक वेळा शिजणं कमी पडलेलं असतं. पाणी कमी होतं असं समजून पाणी वाढवू नका.

आता 'प्रोबायोटिक'. छापू नका. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जंतू, ओळखलेल्या जातीचे, पुरेशा संख्येने, आणि ज्यांचा फायदा माणसांवर तपासून सिद्ध झालाय असे. तुमची कुरडई उकळली जाते, उन्हात वाळते आणि शेवटी 180 अंशांच्या तेलात पडते. जिवंत राहायला कोणी शिल्लक नसतं. पेपरात ज्या बातम्या येतात त्यांतली गाजलेली एक चाचणी 2021 ची, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाची. 36 निरोगी माणसं, निम्म्यांना भरपूर तंतुमय आहार, निम्म्यांना दही, केफिर, किमची, कोंबुचा असे आंबवलेले पदार्थ, दहा आठवडे. दुसऱ्या गटात आतड्यातल्या जंतूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाहाशी संबंधित 19 प्रथिनं कमी झाली. निष्कर्ष चांगला आहे, पण माणसं फक्त 36 होती, आणि रोज सहाच्या आसपास वाट्या आंबवलेलं खाऊन हे दिसलं. ते पदार्थही जिवंत जंतूंचे होते. खानदेशी ताटात त्याला जवळचं काही असेल तर ते घरचं दही आणि ताक. आपलं कैरीचं लोणचंही त्यात बसत नाही. मीठ आणि तेल इतकं असतं की ते बहुतांशी मुरतं, आंबत नाही.

तरी तुमच्या तीन दिवसांच्या मेहनतीचा आरोग्याला काहीच उपयोग नाही असं नाही. धान्यातलं फायटेट लोह आणि जस्त बांधून ठेवतं. आंबट पाण्यात फायटेज हे विकर ते सोडवतं, आणि शिजवल्याने हा फायदा पुसला जात नाही. ज्वारीचं प्रथिन एरवी पचायला जड, आंबवल्यावर ते जास्त पचतं. हा लाभ बिबड्यात जास्त, कारण तिथे ज्वारीचा दाणाच घाट्यात जातो. कुरडईत मुख्यतः स्टार्च राहतो आणि प्रथिन चोथ्यात जातं. म्हणून चोथ्याच्या भुसवड्या फेकण्याजोग्या नाहीत. पोषणाच्या हिशोबात त्या कुरडईपेक्षा वरच्या आहेत. विकायला ठेवता का त्या? ठेवा.

राहिली मोहाची. धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या डोंगरात मोहाशिवाय देवाचं काम होत नाही. धार टाकल्याशिवाय पूजा पुरी होत नाही, आणि त्या रिवाजाबद्दल इथे काही म्हणायचं नाही. प्रश्न फक्त 'औषधी'चा आहे. मोहाचं वाळलं फूल खरोखर पौष्टिक असतं, वजनातला निम्मा किंवा त्याहून जास्त भाग साखर, शिवाय काही खनिजं. पण ही खनिजं वाफ होत नाहीत. भट्टीवर जे वर चढतं ते इथेनॉल, पाणी आणि थोडे वासाचे पदार्थ. फुलातलं उरलेलं सगळं मडक्यात खालीच राहतं. फुलाचा गुण हवा असेल तर फूल भाजून किंवा भाकरीत खावं, तसं ते डोंगरात खातातही.

दुसरा गैरसमज जास्त धोक्याचा आहे. पहिल्या धारेची थोडी टाकून दिली की विष निघून जातं, असं काही ठिकाणी मानतात. विष म्हणजे मिथेनॉल, ते 65 अंशांना उकळतं आणि इथेनॉल 78 ला, म्हणून ते आधी निघत असणार असा तर्क. पण पाण्याच्या मिश्रणात ते असं वेगळं निघत नाही, सगळ्या धारेत पसरतं. जाळून बघण्याची परीक्षाही कुचकामी, कारण दोन्ही जळतात. मोहाच्या आंबवणीत मिथेनॉल मुळात थोडंच होतं. माणसं मरतात ती बाहेरून मिसळलेल्या औद्योगिक मिथेनॉलने. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीत शंभराहून अधिक बळी गेले ते त्यानेच. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक आम्ल होतं आणि ते आधी डोळ्यांची नस धरतं. प्यायल्यावर बारा-चोवीस तासांनी धुरकट दिसायला लागलं, पोट दुखलं, धाप लागली तर झोपवून ठेवू नका, सरळ जिल्हा रुग्णालय गाठा. लवकर पोचला तर उतारा आणि डायलिसिस दोन्ही आहेत. नवसागर घातलेल्या भट्टीचा धोका वेगळा: यीस्टला खाद्य म्हणून घालतात आणि माप कोणी ठेवत नाही. परवान्याशिवाय गाळणं 1949 च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, ते वेगळंच.

"थोडी घेतली तर हृदयाला चांगली" हा समजही याच धाग्यातला. तो गाजला 1990 च्या दशकात, फ्रान्सच्या आकडेवारीमुळे: लोणी खाऊन, वाइन पिऊन तिथे हृदयरोग कमी. दिसलं ते खरं होतं, अर्थ लावण्यात चूक झाली. न पिणाऱ्यांच्या गटात आजारी पडल्यामुळे दारू सोडलेलेही धरले गेले, त्यामुळे न पिणारे जास्त आजारी दिसले. पुढे चीनमध्ये पाच लाख लोकांच्या अभ्यासात (2019) वेगळी वाट काढली. तिथे अनेकांच्या जनुकांतच असा फरक असतो की दारू सोसत नाही, म्हणून ते जन्मतःच कमी पितात. त्या जनुकांवरून माणसं वेगळी केल्यावर थोड्या दारूचा फायदा दिसेनासा झाला आणि पक्षाघाताचा धोका मात्र पिण्याबरोबर सरळ चढत गेला. दारूला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच घातलंय. तंबाखू किंवा गुटखा बरोबर असेल तर तोंड-घशाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो.

अशा बातम्या वाचताना ग्रॅम मोजा, म्हणजे फसगत कमी होते. 42.8 टक्क्यांची 180 मिलीची क्वार्टर म्हणजे 61 ग्रॅम दारू. 650 मिलीची 8 टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे 41 ग्रॅम. शरीर तासाला सात ते दहा ग्रॅम जाळतं, म्हणजे रात्री दहाला संपवलेली क्वार्टर पहाटेपर्यंत रक्तात असते. तुमची दहा कुरडयांची ताटली या हिशोबात कुठे येतच नाही.

शेवटी पाकीट. 'आंबवलेल्या गव्हाच्या पारंपरिक कुरडया' असं खुशाल लिहा, ते खरं आहे. 'दारूविरहित' लिहू नका, नसलेला संशय कशाला पेरायचा. पण एक इशारा छापायलाच हवा आणि तो बहुतेक गट विसरतात: 'यात गहू (ग्लुटेन) आहे'. चीक कितीही धुतला तरी ग्लुटेनचा, म्हणजे गव्हातल्या प्रथिनाचा, अंश राहतो, आणि सीलिअ‍ॅक (ग्लुटेन न सोसण्याचा आजार) असलेल्या मुलाला तेवढा पुरतो. ज्वारीचे बिबडे 'ग्लुटेनमुक्त' म्हणून विकायचा मोह होईल, कारण शहरात त्याला भाव आहे. त्याआधी दोन गोष्टी बघा. बिबड्यात हिंग घालत असाल तर बाजारातला बांधानी हिंग बहुधा मैद्यात किंवा गव्हाच्या पिठात मळलेला असतो, डब्यावरचे घटक वाचा. आणि ज्वारी ज्या चक्कीवर दळता तिच्यावर तुमच्या आधी गहू दळला गेलेला असतो.